नरसिंग पेंटरचं अक्षर

१७ जानेवारी १९९९

राधाकृष्णकाकांच्या बियाण्याच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी मिळते आणि दरवर्षी आत्याबाई, माझ्या सासूबाई, तिची पानं फाडून चूल पेटवतात. यंदाची मी पत्र्याच्या पेटीत लपवली. दहावीनंतर हातात पेन धरलेलं नाही. पण एक गोष्ट अशी झाली आहे की ती आईलाही सांगता येत नाही आणि शेजारच्या शकुबाईलाही नाही.

ह्यांचा उजवा हात हलतो.

आमचं बोर्ड रंगवायचं काम. 'नरसिंग आर्ट्स, आखाडा बाळापूर.' वारंगा फाट्यापासून कळमनुरीपर्यंत दहातले सात बोर्ड ह्यांच्या हातचे. अक्षराची कड हे काढतात, आत रंग मी भरते. लग्नाला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून असंच. लेकरू झालं नाही, त्यामुळे दोघांनाही वेळच वेळ.

आज शिवणक्लासचा बोर्ड होता. 'शि'ची वेलांटी काढताना ब्रश थरथरला. टर्पेंटाइननं पुसलं, परत काढली, परत थरथरला. चौथ्यांदा ह्यांनी ब्रश डब्यात टाकला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मी पुढं झाले. ब्रश उचलला आणि वेलांटी काढली. मग पुढचंही काढलं. कोरडं झाल्यावर हे उठून पाहायला आले. बराच वेळ पाहिलं आणि चहा टाक म्हणाले.

२ फेब्रुवारी

नांदेडला दाखवून आलो. कंपवात म्हणाले. गोळ्या दिल्या. "थांबणार नाही, पण सावकाश वाढेल. काम बदलता आलं तर बदला," असं डॉक्टर सहज म्हणाले, जसं काही चप्पल बदलायची आहे.

येताना बसमध्ये हे हात मांडीखाली दाबून बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "कोणाला कळलं न्हाई पाहिजे. हात गेलेल्या पेंटरला कोणी भिंतीला चुना बी लावू देत न्हाई."

मी म्हटलं, "मी काढते. तुमी सांगा, मी काढते."



१९ फेब्रुवारी

आता असं ठरलं आहे. भिंतीचं काम घ्यायचं नाही, फक्त पत्र्याचे बोर्ड. गिऱ्हाईक आलं की हे बाहेर बसून मजकूर लिहून घेतात, रंग ठरवतात. दुपारी मागच्या खोलीचं दार लावून मी काढते. आत्याबाई उंबऱ्यावर तूर निवडत बसतात. कोणी आत डोकावलं तर म्हणतात, "बसा भाईर. काम करताना माह्या पोराला कोणी पाह्यलेलं चालत न्हाई, पहिल्यापासून असाच हाय तो."

आत्याबाई इतकं खोटं आयुष्यात बोलल्या नसतील. पण सराईतपणे बोलतात.

बोर्डाच्या कोपऱ्यात ह्यांची सही असते, 'नरसिंग'. ह्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही. ब्रशनं मात्र आता रोज घेते.

८ मार्च

आज बोलणी बसली. ह्यांचं अक्षर गोल, भरदार, सगळीकडून सारखं जाड, पोत्यात धान्य भरल्यासारखं. माझ्याकडून तसं होतच नाही. उभा दांडा मी दोन बोटं जाड करते, पण वळणावर आले की हात आपोआप हलका पडतो आणि रेघ केसासारखी होते. शिरोरेघ तर धाग्यासारखी. माझ्या डोळ्याला ते बरं वाटतं. काळ्या दांड्याच्या बाजूला बारीक रेघ असली की दांडा आणखी काळा दिसतो.

हे म्हणाले, "ही रेघ उपाशी ठेवली काहून? माह्या अक्षरात अशी रेघ कधी होती?"

"हात हलका पडला."

"मंग जड कर."

पण पुसायला वेळ नव्हता, राधाकृष्णकाका बोर्ड न्यायला आलेच. बोर्ड उभा करून ते रस्त्यापलीकडं गेले. तिथून ओरडून म्हणाले, "नरसिंग, अक्षरात आता दम आला बरं का. पळत्या बसमधून वाचता येईल."

हे हसले. संध्याकाळी भाकरी अर्धीच खाल्ली. उन्हाळा सुरू झाला आहे, त्याचंही असेल.

३ मे

परवा हिंगोली जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. आमच्याकडं मात्र रांग लागली आहे. शाळा, दवाखाना, सोसायटी, दुकानं, सगळ्यांच्या बोर्डावर 'जि. परभणी' आहे, ते 'जि. हिंगोली' करायचं. पुष्कळजण म्हणतात नुसतं खोडून लिहू नका, पूर्ण बोर्डच नवीन काढा, तुमच्या नव्या अक्षरात.

नव्या अक्षरात असं लोक म्हणतात. हे मान हलवतात.

'हिंगोली' हा शब्द मी गेल्या दोन दिवसांत एकतीस वेळा काढला. 'ली'च्या वेलांटीला शेवटी एक लहानसा हिसका देते. तो मला सापडला तेव्हा खोलीत एकटीच हसले. उंबऱ्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "हळू हस, भाईर माणसं हायेत."

१२ डिसेंबर

सात महिने लिहिलं नाही. हात रिकामाच नव्हता.

राधाकृष्णकाकांचा भाचा आला होता, विश्वजीत. पुण्यात कॉम्प्युटरसाठी अक्षरं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. मामाकडं लग्नाला आला आणि तीन दिवस रस्त्यावर आमचे बोर्ड पाहत फिरला. ह्यांच्यापुढं खाली सतरंजीवर बसून म्हणाला, "नरसिंगदादा, असं अक्षर आमच्याकडं कोणाकडंच नाही. मथळ्यासाठी, दुकानांच्या नावांसाठी लोक असं काहीतरी शोधत असतात आणि मिळत नाही. एवढं जाड आणि एवढं बारीक एकाच अक्षरात, आणि तरी ते मोडत नाही. तुम्ही पूर्ण मुळाक्षरं काढून द्याल का? बाराखडी, जोडाक्षरं, आकडे. ती मग कॉम्प्युटरमध्ये जातील. महाराष्ट्रात कुठंही, कोणीही तुमच्या अक्षरात छापू शकेल. नावही तुमचंच देऊ."

मी चहा घेऊन दारात उभी होते. 

ह्यांनी विचारलं, "मी मेल्यावर बी?"

"तेव्हाही," तो म्हणाला.

हे हो म्हणाले. कसं नाही म्हणणार? वीस वर्षं उन्हात शिडीवर उभं राहून ज्यानं नाव कमावलं, त्याला कोणी असं विचारलं तर तो काय म्हणेल?

२० फेब्रुवारी २०००

मोठे ड्रॉइंग पेपर, काळी शाई. दिवसाला चार-पाच अक्षरं. ह्या दोन महिन्यांत मी जितकी सुखात होते तितकी लग्नानंतर कधी नव्हते, असं लिहायला नको, पण लिहिते.

'क'चं पोट आणि 'फ'चं पोट एकमेकांची भावंडं वाटली पाहिजेत. 'ळ' सगळ्यात अवघड, दोन्ही गोळे सारखे काढले तर तो झोपल्यासारखा दिसतो, म्हणून उजवा किंचित मोठा केला. 'ज्ञ' अकरा वेळा काढला. 'श्र'मध्ये बारीक रेघ इतकी बारीक झाली की मलाच भीती वाटली, छापल्यावर तुटेल. मग दांड्याशी जिथं मिळते तिथं थोडी भरली. असं कोणी शिकवलं नाही. हातानं सांगितलं.

हे बाजूला बसलेले असतात. आधी सांगायचे, इथं भर, तिथं काप. आता सांगत नाहीत. काल 'ह' काढून झाल्यावर मी विचारलं, "बराबर हाय का?"

हे म्हणाले, "मला काय इचारतीस."

मला वाटलं चिडले. पण आवाज चिडल्यासारखा नव्हता. गोळ्यांनी माणूस मलूल होतो म्हणतात.

२३ मार्च

विश्वजीत कागद न्यायला आला. एकेक कागद दोन हातांनी उचलून उजेडात धरत होता. म्हणाला, "दादा, एकच अक्षर माझ्यासमोर काढा. हात कसा वळतो ते मला पाहायचंय."

ह्यांचा हात उपरण्याखाली होता. म्हणाले, "कालपासून हात दुखून राहिला. पुन्हा कधी."

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या बोटांकडं गेलं. शाई तीन-तीन दिवस जात नाही. त्यानं विचारलं, "वहिनी, तुम्हीपण काढता का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ती रंग भरते."

मीही म्हटलं, "व्हय, मी रंग भरते."

त्यात खोटं काय आहे? मी रंगच भरत आले. ब्रश धरायला ह्यांनीच शिकवलं. विहीर ज्यानं खणली त्याचीच, पाणी कोणी का शेंदेना. विश्वजीतनं थोडा वेळ माझ्या बोटांकडं पाहिलं, मग कागद गुंडाळीत घातले आणि जय भीम घालून गेला.

हे त्या दिवशी जेवलेच नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, नजर लागली.

११ एप्रिल

नांदेडच्या पेपरात आलं. ह्यांचा फोटो, खाली 'खेड्यातल्या पेंटरचं अक्षर संगणकात'. नाव मात्र चुकवलं, 'नरसिंह' छापलं. कंपनीचं पत्र आलं त्यातही 'नरसिंह' असंच होतं. मी म्हटलं, कळवायला पाहिजे. हे म्हणाले, "राहू दे."

लोक येऊन हार घालून गेले. हे पाया पडल्यासारखे खाली वाकून हार घेत होते. सगळे म्हणाले, माणूस किती साधा.

३० एप्रिल

आताशा बोलत नाहीत. पहाटे उठून अंगणात बसतात. खाटेखाली जुन्या पेपरांची चळत सापडली. त्यावर काळ्या रंगानं नुसता 'स', 'सु', 'स', 'सु'. वाकडेतिकडे, काही तर ओळखू येत नाहीत. पण शेवटच्या कागदावरचा 'सु' पुष्कळ चांगला होता. मला आनंद झाला. गोळ्या लागू पडल्या असतील. कागद होते तसे ठेवले, विचारलं नाही. बरं वाटू लागलं की स्वतःच सांगतील.

७ मे

सरपंच रतनसिंग आले होते. फाट्याकडून गावात येताना नवी कमान बांधली आहे, तिच्यावर 'सुस्वागतम्' लिहायचं, हे गावात महिनाभर बोललं जात होतं. "नरसिंगभाऊ, पेपरात नाव आलेला माणूस गावात असताना कमानीला दुसऱ्याचा हात काहून लावायचा? पुढच्या आठवड्यात उद्घाटन हाय. लोकांसमोर लिहा, आमी फोटो काढतो."

मी आतून खुणा करत होते, नाही म्हणा, पाठ दुखते म्हणा. हे म्हणाले, "लिहितो."

ते गेल्यावर मी म्हटलं, "तुमच्यानं शिडी चढवंल का? आदल्या दुपारी मी जाऊन लिहिते, सांगा उन्हाच्या आधी लिहून टाकलं म्हणून."

"कमानीवर तू चढशील? साऱ्या गावासमोर?"

"मंग काय झालं?"

हे माझ्याकडं पाहत राहिले. एकोणीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आठ अक्षरं न्हाईत ती, चार-पाचच हायेत. माह्यानं व्हतील."

मी कागदावरचा तो चांगला 'सु' आठवला आणि गप्प बसले. तिथं मी गप्प बसायला नको होतं.

१६ मे, नांदेड

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते. डायरी शकुबाईनं कपड्यांबरोबर आणून दिली, तिला वाटलं औषधाची वही आहे.

परवा सकाळी उठले तर हे अंगणात नव्हते. रंगाचा डबा नव्हता, शिडी नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "उजाडायच्या आत गेला. म्हणला, कोणी यायच्या आत करून येतो. म्या त्याच्या हाताला हात लावला, थरथरत नव्हता."

मी पोचले तेव्हा दुधाची गाडी थांबलेली होती आणि दोन माणसांनी ह्यांना सावलीला आणलं होतं. वर कमानीवर एकच अक्षर होतं. 'सु'. शिडी आडवी पडलेली.

डोक्याला आतून मार आहे. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत.

१७ मे

दुपारी शुद्धीवर होते. मला ओळखलं. पाणी पाजलं. मग म्हणाले, "करुणा, त्या पुण्याच्या सायबाला पत्र लिही. नाव चुकलं म्हणावं. खरं नाव लाव म्हणावं."

मी म्हटलं, "व्हय, मी पण पाह्यलं. नरसिंह छापलंय. लिहिते."

हे मान हलवत राहिले. ह्या रोगात पुढं मानही हलते, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. "तुझं…" म्हणाले. पुढचं फुटलं नाही. मी सांगितलं, माझंच काम आहे, मीच लिहीन, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. इतक्या दुखण्यातही नावाची किती काळजी.

१८ मे

गेले. सकाळी साडेदहा.

३ जून

जलदानविधी झाला. पन्नास गावची माणसं आली होती. भन्तेजी म्हणाले, माणूस जातो, कर्म राहतं. सगळ्यांच्या तोंडी ह्यांच्या अक्षराचीच गोष्ट. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत मिटलं.

आज पत्र लिहिलं. 'सप्रेम जय भीम. माझ्या पतीचे दुःखद निधन झाले. जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. अक्षराला दिलेले नाव चुकीचे आहे. ते नरसिंह नसून नरसिंग असे आहे. कृपया दुरुस्त करावे. आपली, करुणा.'

नाव लिहिताना एक कागद वाया गेला. त्यांना दिलेला शब्द पाळला, एवढं समाधान आहे.

२२ जून

विश्वजीतचं उत्तर आलं. फार हळहळला आहे. नाव दुरुस्त केलं, 'नरसिंग' ह्याच नावानं अक्षर बाहेर येईल. शेवटी एक ओळ आहे, 'वहिनी, आणखी काही सांगायचं असेल तर निःसंकोच कळवा. मी वाट पाहीन.'

आणखी काय सांगायचं असणार? पत्र वाचून पेटीत ठेवलं. मग पुन्हा काढलं. आज ते पाच वेळा वाचलं. दवाखान्यात ह्यांनी मान हलवली, ती वरखाली होती की आडवी, ते आठवायचा प्रयत्न करते आहे.

९ जुलै

सरपंच आले. उद्घाटन लांबलं, पण कमान तशीच आहे, येणारे-जाणारे हसतात. कळमनुरीहून पेंटर बोलावतो म्हणाले, तो आधीचं अक्षर पांढरं करून पहिल्यापासून लिहील.

मी म्हटलं, "पांढरं करायचं न्हाई. पुढचं मी लिहिते."

"वहिनी, तुमाला जमंल का?"

आत्याबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "तिला जमतं."

१४ जुलै

लिहून आले. लुगड्याचा काष्टा घातला होता. शकुबाईनं शिडी धरली. आत्याबाई खाली पोत्यावर बसल्या. बघायला बाजार भरल्यासारखी गर्दी.

वर गेल्यावर पहिल्यांदाच त्यांचा 'सु' जवळून पाहिला. गोल, भरदार, सगळीकडून सारखा जाड, त्यांचं जुनं अक्षर. काठ मात्र करवतीसारखे झाले आहेत आणि उकार खाली ओघळला आहे. तिथंच तोल गेला असणार. मी बोट लावलं. रंग केव्हाच वाळलेला.

त्याच्या शेजारी तसलाच गोल 'स' काढायचा, असं घरून ठरवून गेले होते. खडूनं तीनदा आखला. आला नाही. हात दोन बोटं जाड खाली येतो आणि वळणावर हलका होतो. मग जसा येतो तसाच काढला. 'स्वागतम्'. दोन 'स' शेजारी शेजारी आहेत, वाचता येणाऱ्या कोणालाही दिसावेत असे.

खाली उतरले तर सरपंच म्हणाले, "हुबेहूब नरसिंगभाऊंसारखं. पाहून पाहून शिकल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याबाईंना अक्षर वाचता येत नाही. त्या वर पाहत म्हणाल्या, "दोन हात दिसतेत." आणि पदरात तोंड घालून रडल्या. माझ्या लक्षात आलं की पोरगा गेल्यापासून त्या आजच रडत आहेत.

२ सप्टेंबर

कळमनुरीला रंग आणायला निघाले होते. बस कमानीपाशी सावकाश झाली. मागच्या बाकावर दोन माणसं बोलत होती. एकजण म्हणाला, "हे अक्षर बघ. नरसिंग पेंटरचं. आता कॉम्प्युटरात गेलंय म्हणते."

दुसरा म्हणाला, "मंग पहिलं अक्षर असं काहून हाय?"

"ते कोण्या शिकाऊनं काढलं असंल. पुढचं त्याचं हाय."

मी मागं वळले. दोघं माझ्याकडं पाहू लागले, काय बाई, काय झालं, अशा नजरेनं. पहिलं अक्षरच त्यांचं आहे, एवढं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचं कोणाचं, तेही सांगावं लागलं असतं. एक सांगितलं की त्यांचं नाव जातं. नाही सांगितलं तर त्यांनी जीव देऊन काढलेलं एकच अक्षर शिकाऊचं ठरतं.

कंडक्टर तिकीट विचारत होता. मी पुढं वळून बसले. कळमनुरीपर्यंत ठरलं नाही, आणि ते दोघं उतरून गेले.